दुसऱ्या सीटवरचा अण्णा

तर अण्णा, तू त्या फोटोतनं माझ्याकडं तसं बघणं आता बंद कर. नववीत नापास झालो ते झालो, त्याला किती वर्षं झाली, आणि तू अजून तीच भुवई वर करून बघतोयस. पहिल्यांदाच सांगून ठेवतो, तुला मी अहोजाहो करणार नाही. नात्यानं बघायला गेलं तर तू माझ्या अज्जाचा थोरला भाऊ, म्हणजे माझाही आजाच. अज्जा तुला अण्णा म्हणायचा म्हणून बाप म्हणाला, बाप म्हणाला म्हणून आई म्हणाली, आणि मला बोलायला यायला लागलं तेव्हा मीही तेच म्हणालो. पण तू बावीसचा होतास आणि तिथंच थांबलास. मी सव्वीसचा आहे. आपल्यापेक्षा धाकट्या पोराला अहो म्हणायला माझी जीभ वळत नाही, मग त्या पोरानं लढाईत विमान का चालवलेलं असेना. आणि चालवलंस तरी कुठं? शेजारी बसलास. त्यावर येतो मी, थांब जरा.

लोकांच्या घरी असले फोटो सोप्यात असतात, हार घातलेले. तुझा फोटो आमच्या स्वयंपाकघरात, भाकरीच्या बुट्टीच्या वर. हार नाही, कुंकू नाही. तुझ्या आईनं, जिला सगळं घर अव्वा म्हणायचं, तिनंच तो तिथं लावला. सोप्यात लावला तर मेलेल्या माणसाचा वाटेल म्हणून. त्यामुळं झालं काय, की माझं सगळं लहानपण तुझ्या नाकाखाली जेवण्यात गेलं. गणितात भोपळा आणला, वर तू. मास्तरनं घरी चिठ्ठी पाठवली, वर तू. बाप भाकरी मोडता मोडता म्हणायचा, "त्यो बघ, त्यो कंदिलाखाली शिकला आणि आभाळात गेला. आणि ह्याला बल्बाखाली बसवलं तर ह्यो सायकलची चेन काढून परत बसवतोय." अज्जा तेवढा कधी बोलायचा नाही. नववीचा निकाल लागला त्या दिवशी मी गोठ्यामागं लपून बसलेलो, तर अज्जा काठी टेकत आला आणि माझ्या पुढ्यात तुझे कातड्याचे हातमोजे टाकले. तुझ्या ट्रंकेत आलेले. म्हणाला, "तुझं डोकं चालत न्हाय हे खरं हाय. हात चालत्यात. घाल हे." मी म्हटलं, अण्णाचे हाईत की. तर म्हणाला, "व्हय. आल्यावर मागितलं तर दे त्याला." पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, आणि असं बोलला, जणू तू वडगावच्या बाजाराला गेलायस आणि दिवेलागणीला येशील.

हेच तर भांडण आहे माझं. आमच्या घरात तुझ्याबद्दल एकच वाक्य बोलतात, अण्णा आला न्हाय. त्याच्या पुढचं वाक्य कुणी बोलत नाही. मला जे सांगितलंय ते एवढंच, की तू कोल्हापुरात कॉलेजात होतास, जपान्यांशी मोठी लढाई चालू होती, विमानदलात भरती झालास. मग बंगालातल्या कुठल्याशा धावपट्टीवर गेलास. तिथं मोठं बॉम्बफेकी विमान, त्यात बाकी सगळे गोरे आणि एक तू, दुसऱ्या सीटवर. को-पायलट. तिथनं बरम्यावर जायचं, बॉम्ब टाकायचे आणि माघारी यायचं. एकदा गेलात आणि माघारी आला नाहीत. तार आली, त्यात तू सापडत नाहीस एवढंच होतं. मग पुष्कळ दिवसांनी तुझी ट्रंक आली.

ती ट्रंक उघडली तेव्हा अज्जा दहा वर्षांचा होता, तिथंच उभा होता. कपडे निघाले, दाढीचं सामान निघालं, हे हातमोजे निघाले, आणि सगळ्यात खाली, रुमालात गुंडाळलेली चांदीची डबी. तिच्यात तुझं इष्टलिंग. ते गळ्यात बांधायचा शिवदोरा नीट घडी घालून ठेवलेला. आता आपल्या लिंगायतांत हे काय असतं ते तुला मी काय सांगणार. पोर जन्मलं की लिंग बांधतात, ते जन्मभर गळ्यात. रोज तळहातावर घेऊन पूजा. माणूस गेला की जाळत नाहीत, खड्ड्यात मांडी घालून बसवतात, आणि तेच लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. माणूस आणि लिंग दोघं एकदमच मातीत जातात. घरातल्या बायका ट्रंकेभोवती रडत होत्या. अव्वानं डबी बघितली आणि डोळे पुसले. म्हणाली, "गप बसा सगळ्या. लिंग माघारी आलंय म्हंजे पोरगं जित्तं हाय. आपला माणूस लिंग सोडून मरत न्हाय. त्यो न्यायला येणार." सगळ्यांनी तेच धरून ठेवलं. शिकलेला एकटा तू, आणि तूच नव्हतास.

झालं. त्या दिवसापासून तुझं लिंग आमच्या देव्हाऱ्यात आहे. रोज त्याला आंघोळ, विभूती, एक पान बेलाचं. आधी अव्वा करायची, मग अज्जी, आता आई. मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा ती डबी गळ्यात घालून अंगणात विमान विमान खेळलो. दोन्ही हात पसरून, तोंडानं घूं करत. अज्जानं आयुष्यात मला एकदाच मारलं, ते त्या दिवशी. थोबाडीत दिली आणि वर म्हणाला, "जित्त्या माणसाचं हाय ते!" मी रडत विचारलं, मग त्यो कुठं हाय? अज्जा डबी घेऊन आत गेला. आणि रस्त्याकडेची आपली पट्टी तुला आठवत असेल, जिथनं जोतिबाचा डोंगर दिसतो, जिथं आपली सगळी माणसं बसलीत. अव्वा तिथंच आहे. तिच्या उजव्या अंगाला एक जागा तिनं मरायच्या आधी राखून ठेवायला सांगितली. माझा अण्णा म्हातारा होऊन मरेल तेव्हा माझ्या शेजारी बसवा म्हणाली. मरतानासुद्धा तुला मरू दिलं नाही बघ. अज्जा स्वतः गेला तर त्याला डावीकडं बसवावं लागलं, आणि पुढं बापाला त्याच्या पलीकडं. भोवतीनं ऊस लागला, ऊस गेला, ती चौकोनी जागा तशीच. त्यात कुणी कोथिंबीरसुद्धा टाकत नाही.

आता मागच्या आठवड्यात काकाचा फोन. मी इकडं कच्छात आहे, काय करतो ते सांगतो नंतर. काकाला फोनवर ओरडूनच बोलायची सवय, कच्छ लांब आहे म्हणून असेल.

"कुठं हाईस? अजून त्या पंख्याच्याच मागं का?"

"पवनचक्कीची पाती हाईत ती, काका."

"त्येच ते. ऐक. वेशीत कमान घालायचं ठरलंय. वर सिमेंटचं इमान, ह्येऽऽ एवढं. खाली, शहीद पायलट, आणि अण्णाचं नाव. उद्घाटनाला मोठमोठी माणसं येणार हाईत."

"को-पायलट," मी म्हटलं.

"काय?"

"अण्णा को-पायलट हुता. दुसरा."

"आरं, कमानीवर को कोण लिवतंय? उद्या म्हणशील एसटीच्या कंडक्टरची बी कमान घाला."

"घाला की. कंडक्टरनं बेल मारल्याबिगर गाडी सुटती का?"

"तू शिकला न्हाईस ते कसं दिसतंय बघ. आणि भाषणात मी सांगणार हाय, शेवटाला अण्णानं इमान जपान्यांच्या बोटीवर घातलं म्हणून."

"कुणी बघितलंय?"

"कुणी बघितलं न्हाय म्हणूनच सांगता येतंय की!"

इथं मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण मग तो म्हणाला, की कमानीचा एक खांब आपल्या पट्टीत येतोय, अव्वाच्या शेजारी, ती जागा न्हाईतरी रिकामीच हाय. मी म्हटलं, "रिकामी न्हाय ती. अण्णाची हाय." तर म्हणाला, "मग कमान कुणाची हाय रं? अण्णाचीच की! शेजारी बसण्यापरास वर इमानात बसंल." आणि वर्गणीचा आकडा सांगून फोन ठेवला. बघ कसं आहे. शहीद म्हणायला तयार, भाषणात बोटीवर आपटायला तयार, पण मेला म्हणून मातीत बसवायला तयार नाही. काका जेवतो अजून तुझ्या फोटोखालीच, आणि फोटोला हार घाल म्हटलं तर म्हणतो, नगं, अव्वाला आवडायचं न्हाय.

आता माझं काम सांगतो, कारण तुझ्याशी भांडायचा हक्क मला तिथनंच मिळालाय. पवनचक्कीचं एक पातं म्हणजे आपल्या दारापासून बसवण्णाच्या देवळापर्यंत जाईल एवढं लांब. ते ट्रेलरवर आडवं घालून बंदरावरनं आत माळावर न्यायचं. ट्रेलरवर माणसं दोन. पहिला माझा उस्ताद, राजस्थानचा, पांढऱ्या मिशांचा. तो मला नावानं हाक मारत नाही, "ओ कोल्हापूर" म्हणतो. दुसरा मी. विमानात दुसरा उजवीकडं बसतो म्हणे, ट्रकात डावीकडं. वळण आलं की मी खाली उतरून मागनं चालतो, पात्याचं टोक कुणाच्या भिंतीला, कुणाच्या लिंबाला लागत नाही ना ते बघतो, आणि ओरडतो, आने दो, आने दो, बस. उस्ताद जेवायला थांबला की चाक माझ्या हातात. तो दमला की माझ्या हातात. पण सरळ रस्त्याला चाक त्याच्या हातात, आणि मी नुसता बसलेला, समोरचं सगळं दिसणारा.

परवा एका पुलावर समोरनं बस आली. आपल्या बाजूनं यायचं सोडून ती सरळ आमच्या तोंडावर. उस्ताद चाक धरून गुणगुणत होता, त्याचं गुणगुणणं थांबलंसुद्धा नाही. गाडी इंच इंच कडेला घेतली, बस खरवडून गेली, संपलं. आणि मी बघतो तर मी पुढची दांडी असली आवळून धरलेली, की तुझ्या डाव्या हातमोज्याची शिवण अंगठ्यापाशी उसवली. उस्ताद बघून हसला. म्हणाला, "जिसका हाथ खाली, उसका डर पूरा." म्हणजे रिकाम्या हाताला भीती पुरी. तिथंच मला तू आठवलास, भुवई वर केलेला नव्हे, दुसराच. सगळे सांगतात अण्णा भ्यायला न्हाय. कुणाला माहीत? ते कधी दुसऱ्या सीटवर बसलेत? पुढनं येणारं सगळं दिसतंय आणि हात मांडीवर. तू भ्यायला असणार अण्णा. रडलाससुद्धा असशील. कुणी बघितलं नाही, मग काकानं बोट बघितली तर मी तुझं रडणं का बघू नये? मला तसा तू चालतोस. त्या फोटोतल्यापेक्षा जास्त चालतोस.

काकाचं ऐकल्यावर मी आईला फोन लावला. चित्र दिसणारा फोन. ती चुलीजवळ बसलेली, तिच्या डोक्यावर तू. मी म्हटलं, आई, अण्णाला बसवूया काय? तिला वाटलं मी कमानीचंच बोलतोय. म्हटलं कमानीत नव्हं, मातीत. अव्वाच्या शेजारी. तिनं हातातली भाकरी थापून पुरी केली. मग भाकरी तव्यावर टाकत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "रोज दोन लिंगांची पूजा करती मी. एक माझं, एक अण्णाचं. अंगात ताप असला तरी. तुझ्या अज्जीनं हातात देताना सांगितलं, त्यो येईपतूर कर. आता त्यो आला तर शंभरीच्या पुढं असंल बाबा, त्याला लिंगाआधी काठी द्यावी लागंल." आणि हसली. मग भाकरी करपली तरी उलटली नाही. म्हणाली, "माझं गुडघं गेल्यात. माझ्या मागं कुणाच्या हातात देऊ रं हे? अण्णानं बी मातीची किती वाट बघायची, आणि मी बी? एकदा ह्या घरातल्या कुणीतरी म्हणावं की, गेला. मी सून. मला म्हणता येत न्हाय."

मग मी म्हणतो. घरातला सगळ्यात कमी शिकलेला मीच, तर माझ्यावरच आलं. अण्णा, तू गेलास. मेलास तू. बाविसाव्या वर्षी, बरम्याच्या जंगलात का समुद्रात ते ठाऊक नाही, दुसऱ्या सीटवर बसून. अव्वाचं चुकलं. इतकी वर्षं एवढी माणसं त्या चुकीला आंघोळ घालत आली. लिंग मागं ठेवून गेलास ते परत येणार म्हणून नव्हे. परत नाही आलास तर, म्हणून ठेवलंस. विमान पेटलं तर तू पेटणार, आणि आपल्यात जाळत नाहीत. निदान ते तरी घरी जावं, आपल्या पट्टीत बसावं, म्हणून रुमालात गुंडाळून सगळ्यात खाली ठेवलंस. सरळ निरोप होता तो, आणि आम्ही उलटा वाचला. हे मला कसं कळलं ते शेवटी सांगतो.

आमच्या अय्यालाही, आपल्या घराण्याच्या जंगमाला, फोन केला. म्हातारा झालाय, पण आवाज अजून खणखणीत. विचारलं, "अय्या, देह नसताना बसवता येतं का?" तर म्हणाला, "आरं, लिंग हाय न्हवं? मग त्योच हाय की. फकस्त लिंग ठेवायला तळहात पाहिजे. त्याच्या अंगावरचं काय ऱ्हायलंय का?" मी माझ्या हाताकडं बघितलं. तिथंच ठरलं. डावा हातमोजा, तोच उसवलेला, मी आज शिवून घेतला. त्यात आपल्याच पट्टीतली माती भरायची, आणि त्यावर लिंग. वडगावचा एक ड्रायव्हर उद्या गावाकडं निघालाय, त्याच्याजवळ देतोय. तो म्हणाला, "पावणं, एकच का? जोडी फुटली की." म्हटलं, एकच पाहिजे. उजवा माझ्यापाशी राहणार. तू मागायला येणार नाहीस हे आता मी सगळ्यांच्या वतीनं ठरवलंय.

काकाला सांगितलं, अण्णाला मातीत बसवतोय, कमान रस्त्याच्या पलीकडं घाल, खांब आपल्या पट्टीत येणार नाही, आणि वर्गणी म्हणून माझ्याकडनं रुपाया मिळणार नाही. तो म्हणाला, "तू कोण सांगणारा? शाळा तरी पुरी केलीस का?" म्हटलं, न्हाय केली. अव्वानं तरी कुठं केलती, तिचं ऐकलंस की एवढी वर्षं. मग त्यानं ओरडायचं सोडलं. शेवटी म्हणाला, "समाधीच्या दगडावर काय घालायचं मग? पायलटच घाल बाबा, लोक हसतील." मी सांगितलंय, को-पायलट. एका अक्षरानं दगड फुटत नाही.

हे तुला पाठवायचं कुठं? बरम्याला पाठवू? आणि घरी पाठवलं तर आई वाचणार, आणि पुढचं तिनं वाचायचं नाही. ट्रेलर हलायच्या आधी मी रोज एक काम करतो. गळ्यातलं लिंग काढतो, शिवदोऱ्याची घडी घालतो आणि खोलीवरच्या पेटीत सगळ्यात खाली ठेवतो. उस्तादाला सांगितलंय, दोरा पातं बांधायच्या साखळीत अडकतो म्हणून. साखळी कंबरेच्या खाली असते, तिला गळ्यातला दोरा लागतसुद्धा नाही. आईच्या खात्यावर खड्ड्याचे, दगडाचे, अय्याचे आणि पट्टीतच चार माणसांना जेवायला घालायचे मिळून पाठवतोय, अठरा हजार रुपये.